चेहऱ्याचा अर्क

सुटीतली दुपार आहे. आजी ओसरीवर तांदूळ निवडीत बसली आहे. तुम्ही वही-पेन्सिल घेऊन समोर बसता आणि तिचे चित्र काढू लागता. अर्ध्या तासाने चित्र पुरे होते. कपाळ, डोळे, चष्मा, नाक, तोंड, अंबाडा, काहीच राहिलेले नाही. आजी वही हातात घेते, जवळ धरते, लांब धरते आणि म्हणते, "छान काढलंस हो! पण ही बाई कोण?"

बहुतेकांची चित्रकला येथेच थांबते. 'आपल्या हातात कला नाही' असे ठरते आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते. पण हा निकाल फार घाईचा आहे. जो हात 'क्ष', 'ज्ञ', 'ळ' अशी वळणदार अक्षरे सहज लिहितो, त्याला नाकाची रेघ अवघड जाण्याचे कारण नाही. चूक हाताची नाही, पाहण्याची आहे. आणि पाहण्यातली चूक मोजता येते, म्हणून ती सुधारताही येते. माणसांची चित्रे आणि गमतीची चित्रे काढणारे चित्रकार ती कशी सुधारतात, आणि एखाद्याची ओळख त्याच्या चेहऱ्यात नेमकी कोठे दडलेली असते, ते आज पाहू.

डोळे कोठे आहेत?

पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. कागदावर अंड्याच्या आकाराचे डोके काढा आणि आठवणीने त्यात दोन डोळे काढा. काढलेत? आता पट्टी घ्या. डोक्याच्या माथ्यापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजा आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचे मोजा. तुमचे डोळे बहुधा डोक्याच्या वरच्या तिसऱ्या भागात आले असतील.

आता आरशासमोर उभे रहा. पट्टी चेहऱ्याशेजारी उभी धरा आणि तीच दोन अंतरे मोजा. मात्र माथा मोजायचा, केस जेथे सुरू होतात ती कपाळावरची सीमा नव्हे. दोन्ही अंतरे जवळजवळ सारखी निघतील. डोळे डोक्याच्या अगदी मध्यावर असतात! रोज आरशात पाहूनही हे आपल्या लक्षात येत नाही, याचे कारण काय?

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यारबुस यांनी चित्राकडे पाहताना माणसाची नजर कशी फिरते याची नोंद केली होती. डोळ्यावर एक इवलीशी टोपी बसवून तिला ते छोटा आरसा लावीत. त्यावरून परतणारा प्रकाशकिरण नजरेबरोबर हलत असे आणि प्रकाशसंवेदी कागदावर रेघ उमटवीत असे. त्यांचे हे काम १९६७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. एका मुलीचे छायाचित्र पाहणाऱ्याची नजर तिचे डोळे आणि तोंड यांच्यातच पुन्हा पुन्हा घुटमळत होती. कपाळ आणि गाल यांच्या वाट्याला ती फारच थोडी आली.

म्हणजे आपला मेंदू चेहऱ्याच्या भागांना सेंटिमीटरप्रमाणे नव्हे, तर महत्त्वाप्रमाणे जागा देतो. लहान मूल गावाचा नकाशा काढते तेव्हा शाळा आणि स्वतःचे घर डोंगराएवढे मोठे काढते. चेहरा काढताना आपण सगळेच तसे करतो. डोळे-नाक-तोंड फुगतात, कवटी आक्रसते आणि डोळे वर सरकतात. आजीच्या चित्रात पहिली चूक ही झाली.

पेन्सिलीची मोजपट्टी

चित्रकार हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरताना तुम्ही पाहिला असेल. ती ऐट नसते. पेन्सिलीचे टोक तो समोरच्याच्या माथ्याशी जुळवितो आणि अंगठा हनुवटीशी आणतो. झाली डोक्याची उंची! मग तेवढ्याच मापाशी रुंदी, नाक, कान यांची तुलना करतो.

यात कोपर ताठ ठेवणे महत्त्वाचे आहे. भूमितीतले समरूप त्रिकोण आठवा. डोळा, पेन्सिल आणि आजी यांचा त्रिकोण बनतो. पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर कायम राहिले तरच प्रत्येक मापाचे प्रमाण एकच राहते. कोपर वाकले की पेन्सिल जवळ येते आणि पुढचे माप वेगळ्या प्रमाणात जाते. एक डोळा मिटण्याचे कारणही सोपे आहे. दोन डोळे म्हणजे दोन वेगळ्या जागा, आणि दोन वेगळी मापे.

म्हणून सराईत चित्रकार पापण्यांपासून सुरुवात करीत नाही. आधी हलक्या हाताने अंडाकृती, मग मधून उभी रेघ, मग मध्यावर डोळ्यांची आडवी रेघ. समोरून पाहिलेल्या डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांएवढी असते आणि दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याची जागा असते. हा सांगाडा उभा राहिल्यावरच तो डोळे-नाकाकडे वळतो.

मेंदूला चकविण्याची आणखी एक युक्ती आहे. एखादे छायाचित्र उलटे करून ठेवा आणि तसेच उलटे उतरवा. 'हा डोळा, हे नाक' अशी नावे मग मनात येत नाहीत, नुसत्या रेषा आणि त्यांमधील जागा दिसतात. उलट्या चेहऱ्यापुढे मेंदू किती गोंधळतो, हे पीटर थॉम्प्सन यांनी १९८० साली दाखविले. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या छायाचित्रातले फक्त डोळे आणि तोंड त्यांनी कापून उलटे चिकटविले. ते छायाचित्र उलटे धरले की त्यात विशेष काही खटकत नाही. सुलटे केले की मात्र पाहणारा दचकतो!

सगळ्यांचा चेहरा आणि आजीचा चेहरा

मापे बरोबर आली तर चित्र माणसासारखे दिसेल. पण ते आजीसारखे दिसेल का? येथे खरी गोष्ट सुरू होते.

डोक्याची उंची १०० भाग धरा. चित्रकारांचा एक जुना ठोकताळा असा: वरचे १३ भाग केसांचे, आणि उरलेल्या ८७ भागांचे तीन सारखे हिस्से. केसांच्या सीमेपासून भुवयांपर्यंत २९, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत २९ आणि तेथून हनुवटीपर्यंत २९. हा झाला 'सगळ्यांचा' चेहरा. तो कोणाचाही असू शकतो, म्हणूनच तो कोणाचाच नसतो.

आता समजा, आजीच्या समोरून काढलेल्या छायाचित्रावर तुम्ही पट्टी लावली आणि मापे आली ती अशी:

सर्वसाधारण: २९, २९, २९
आजी: २९, ३३, २५
फरक: ०, +४, −४

आजीची ओळख या तिसऱ्या ओळीत आहे. तिला नाक आहे यात विशेष काहीच नाही, नाक सर्वांनाच असते. तिचे नाक किती लांब आणि नाकाखालचा भाग किती आखूड, हे विशेष. घाईने काढलेल्या चित्रात आपण नकळत '२९, २९, २९' काढतो. फरक पुसला जातो, आणि आजी विचारते, "ही बाई कोण?"

फरक कोणाशी मोजायचा हेही पाहिले पाहिजे. दात पडले की नाकाखालचा भाग आखूड होतो. तो बदल पुष्कळ आज्यांमध्ये दिसेल. तरुण चेहऱ्याशी तुलना केली तर चित्र 'कोणत्या तरी म्हाताऱ्या बाईचे' होईल. शेजारच्या काकूआजी आणि मावशीआजी यांच्याशी तुलना केली तर कळेल, की आखूड हनुवटी तिघींची आहे, पण लांब नाक एकटीचे. चांगला चित्रकार मनातल्या मनात हीच निवड करीत असतो.

फरकाला गुणा

आता एक गंमत करू. आजीचा फरक दुप्पट करा.

नवे माप = सर्वसाधारण माप + (फरक × २)

मधला हिस्सा: २९ + (४ × २) = ३७. खालचा हिस्सा: २९ − (४ × २) = २१. नवा चेहरा २९, ३७, २१ असा झाला. बेरीज ८७ च राहिली, पण चेहरा आजीपेक्षाही अधिक 'आजीसारखा' झाला! तिपटीने २९, ४१, १७ येतील. उलट फरक निम्मा केला तर २९, ३१, २७, आणि शून्याने गुणले तर पुन्हा तो कोणाचाच नसलेला चेहरा.

असे चित्र म्हणजे अर्कचित्र. आपल्या भाषेतला हा शब्द किती नेमका आहे पहा. वाळा किंवा गुलाब यांचा अर्क काढताना पुष्कळ द्रव्यातून थोडासा सुगंध वेगळा करतात. तसेच पुष्कळ रेषांतून थोडासा माणूस वेगळा काढायचा. इटलीतील चित्रकार आन्निबाले कारराची सोळाव्या शतकाच्या अखेरीस अशी चित्रे काढीत असे. युरोपीय भाषांतले या चित्रांचे नाव 'भार लादणे' अशा अर्थाच्या इटालियन शब्दावरून आले. त्यापूर्वी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने चेहऱ्यावर चौकटी आखल्या आणि त्या ताणून, दाबून, तिरक्या करून एकाच चेहऱ्यापासून निरनिराळे चेहरे तयार केले. मानवी प्रमाणांवरचे त्याचे पुस्तक १५२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी छापले गेले.

हाच हिशेब अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत सुसान ब्रेनन यांनी १९८२ साली संगणकाला शिकविला. चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू घ्यायचे, सरासरी चेहऱ्यातील त्याच बिंदूंशी ताडून पहायचे, फरक वाढवायचा आणि बिंदू रेषांनी जोडायचे. मग १९८७ साली गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान केरी यांनी अशी रेखाचित्रे लोकांना दाखविली. चित्रे त्यांच्या ओळखीच्या माणसांची होती. अचूक रेखाचित्रापेक्षा फरक वाढविलेले चित्र लोकांनी लवकर ओळखले, आणि फरक कमी केलेले चित्र ओळखायला सर्वांत जास्त वेळ लागला. यावरून असे वाटते, की चेहरे लक्षात ठेवताना आपला मेंदूही फरकांकडेच विशेष लक्ष देत असावा. हुबेहूब छायाचित्रांच्या बाबतीत मात्र हा फायदा इतका ठळक दिसत नाही. रेषा थोड्या असतात तेथे अर्क जास्त कामाला येतो. गांधीजींचे चित्र आठवा. गोल चष्मा, केस नसलेला माथा आणि मोठे कान. एवढ्या चार रेषांत कोणीही त्यांना ओळखतो.

राजा आणि नासपती

अर्कचित्रात खेळ मिसळला की काय होते, याचा एक मजेदार इतिहास आहे. १८३१ साली फ्रान्समध्ये लुई-फिलिप राजा होता. त्याचे गाल खाली जड आणि डोके वर निमुळते होते. शार्ल फिलिपाँ या संपादकावर राजाचा अपमान केल्याचा खटला भरला गेला. बचावासाठी त्याने चार चित्रे मांडली. पहिल्यात राजाचा चेहरा. दुसऱ्यात तोच, पण जरा अधिक फुगलेला. तिसऱ्यात आणखी. चौथ्यात सरळ एक नासपती! त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक चित्र आधीच्यासारखे दिसते. मग गुन्हा कोणत्या चित्रापासून सुरू होतो? फिलिपाँला तुरुंगवास झालाच, पण पॅरिसच्या भिंतीभिंतींवर लोक नासपती काढू लागले.

गमतीच्या चित्राची एक रीत यातून दिसते: दोन वेगळ्या गोष्टींमधला सारखेपणा शोधून त्यांना एकत्र आणायचे. आपले व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभी आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या शर्टावर मांजरांची! शब्द एकही नाही, तरी पाहणारा हसतो. त्यांनीच महाराष्ट्रातील मुलांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही अशी हसरी चित्रे काढली.

तुम्हीही वहीच्या एका पानावर घरातल्या वस्तूंची यादी करा: किटली, तांब्या, कुलूप, छत्री. शेजारी ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्यांचे विशेष लिहा. मग जोड्या लावा. दहांतल्या आठ जोड्या फसतील. चित्रकारांच्याही फसतात. उरलेल्या दोनांसाठीच त्यांच्या वह्या भरतात.

पडद्यावरचा कागद

आजकाल पुष्कळ चित्रकार कागदाऐवजी टॅबलेटच्या पडद्यावर खास लेखणीने चित्रे काढतात. तेथे काय घडते?

पडद्यावरचे चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. वहीच्या मोठ्या पानाएवढे, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचे चित्र इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने काढले, तर २४८० × ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ यांमधील तीन आकडे असतात. त्यांपासून २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंगछटा बनू शकतात.

दुसऱ्या पद्धतीत ठिपके न साठविता रेषेचे थोडे बिंदू आणि नियम साठवितात. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा कार्यक्रम लिहिला. त्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट आकृत्या काढता येत. त्याच सुमारास फ्रान्समधील मोटार कारखान्यांत पॉल द कास्तेल्जो आणि प्येर बेझिए यांनी मोटारींच्या वळणांसाठी अशा वक्ररेषांचे गणित शोधले. तुम्ही ते पट्टीने करू शकता. तीन बिंदू घ्या: अ, ब, क. अब आणि बक यांचे मध्यबिंदू काढा. ते दोन मध्यबिंदू जोडून त्या रेघेचा मध्यबिंदू काढा. हा बिंदू अ पासून क पर्यंत जाणाऱ्या सुरेख वक्ररेषेवर असतो. ब हलविला की वळण बदलते. आजीच्या गालाची रेघ तीन आकडेजोड्यांत मावली!

संगणकावर चित्र थरांत काढतात. एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवावेत तसे. खालच्या थरावर सांगाडा, वर रेषा, मध्ये रंग. सांगाड्याचा थर शेवटी लपविला, की खोडरबर न वापरता चित्र स्वच्छ होते.

कापऱ्या हाताची रेघ सरळ करण्याची सोयही असते. लेखणीची जागा सेकंदाला शंभराहून अधिक वेळा नोंदली जाते आणि शेजारच्या नोंदींची सरासरी घेतली जाते. समजा, रेषेची उंची १०, १३, १०, १३, १० अशी थरथरते. तीन-तीन आकड्यांची सरासरी घ्या: ११, १२, ११. थरथर तीनवरून एकावर आली. पण सावध! आजीच्या नाकाचे टोकदार वळणही या सरासरीत बोथट होते. सरासरीने खोट जाते, तसा विशेषही जातो. म्हणून जाणकार चित्रकार ही सोय गालासाठी वापरतो आणि नाकाशी आला की बंद करतो.

संगणक सगळे फरक गुणू शकतो. पण कोणता फरक आजीचा, कोणता वयाचा आणि कोणता तुमच्या चुकलेल्या मापाचा, हे त्याला आपोआप कळत नाही. शब्द लिहिले की चित्र बनवून देणाऱ्या प्रणाली आता निघाल्या आहेत. मात्र तांदूळ निवडताना मान वाकडी करून चष्म्यावरून पाहणारी तुमची आजी त्यांनी पाहिलेली नाही.

कोणता फरक घ्यायचा नाही

फरक वाढविण्याची ही विद्या धारदार आहे. वर्गातल्या एखाद्याच्या तिरळ्या डोळ्यावर किंवा भाजल्याच्या डागावर तुम्ही बोट ठेवलेत तर चित्र ओळखू येईल, वर्ग हसेलही. पण तो मुलगा पुन्हा तुमच्यासमोर चेहरा वर करून बसणार नाही. राजाला नासपती करणे निराळे. त्याच्या हातात सत्ता होती आणि फिलिपाँने शिक्षा सोसली. बाकावरच्या सोबत्याच्या हातात काय असते? चेहऱ्यात इतर फरक पुष्कळ असतात: हसताना वर जाणारी एक भुवई, कपाळावर येणारी बट, ऐकताना पुढे येणारी मान. ते शोधा. एक सोपी कसोटी लावा: चित्र सर्वांत आधी ज्याचे आहे त्यालाच दाखवा. तो हसला तर इतरांना दाखवायला हरकत नाही.

आता पुन्हा ओसरीवर जा. या वेळी आधी अंडाकृती, मध्यावर डोळ्यांची रेघ, हात ताठ, एक डोळा बंद. नाक मापाप्रमाणे लांब येऊ द्या, भिऊ नका. हवे तर एखादी रेघ आणखी लांबवा. मग वही आजीच्या हातात द्या. कदाचित ती या वेळी म्हणेल, "अगं बाई, हे तर आमच्या माहेरचं नाक!" आणि मग तुमच्याकडे निरखून पाहील.

करून पहा

१. घरातील तीन माणसांची समोरून काढलेली छायाचित्रे घ्या. प्रत्येकाचे डोके १०० भाग धरून वरील तीन हिस्से मोजा. तुमच्या घराची 'सरासरी' काढा. कोणाचा कोणता फरक सर्वांत मोठा आहे?

२. त्यांतील एका चेहऱ्याची अर्ध्या, दुप्पट आणि तिप्पट फरकाची चित्रे काढा. ती शेजाऱ्यांना दाखवा. कोणते चित्र सर्वांत लवकर ओळखले जाते? कितव्या पटीला चेहरा ओळखू येईनासा होतो?

३. चौकटीच्या वहीत एक साधा चेहरा काढा. दुसऱ्या पानावर तितक्याच चौकटी आखा, पण उंचीने दुप्पट आणि रुंदी तेवढीच ठेवा. चौकटीमागून चौकट चित्र उतरवा. ड्यूररने केले ते तुम्हीही केलेत!